पुढे कोणाला करायचं? तरुण स्वयंसेवकांच्या गौरवाचा इतिहास

(पर्यावरण, वारसा आणि कला या क्षेत्रांत विनामोबदला काम करणाऱ्या तरुणांच्या पुरस्कार समारंभात दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समोर पहिल्या दोन रांगांत आज ज्यांना पुरस्कार मिळणार आहेत ती मुलंमुली बसली आहेत. मागे त्यांचे आईवडील आहेत. आणि अगदी मागे, दरवाजापाशी, काही जण उभे आहेत. ते बहुधा या मुलांचे मित्र असावेत, ज्यांना पुरस्कार मिळालेला नाही. (हशा) हसू नका, माझं आजचं बोलणं त्यांच्याबद्दलही आहे.

संयोजकांचा मला फोन आला तेव्हा ते म्हणाले, ‘सर, तुम्ही इतिहासाचे माणूस. मुलांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी बोला.’ मी म्हटलं, प्रेरणा त्यांच्याकडे आहेच, नाहीतर रविवारी सकाळी सहाला उठून कुणी नदीकाठचं प्लास्टिक वेचायला जात नाही. मी त्यापेक्षा पुरस्काराच्याच इतिहासाबद्दल बोलतो. आपल्याकडे फुकट राबणाऱ्या तरुण माणसाला समाज ‘शाबास’ कधीपासून म्हणायला लागला? कसा म्हणाला? आणि म्हणताना कुणाला विसरला?

सुरुवात शब्दांपासून करू, कारण आपल्या भाषेत या गोष्टीला एकच शब्द नाही. ‘बक्षीस’ हा शब्द फारसीतून आला. वरच्यानं खालच्याला खूश होऊन द्यायची ती वस्तू. ‘शाबास’ही फारसीच, ‘शाद बाश’, म्हणजे आनंदात राहा. गावाकडे आणखी एक शब्द आहे, ‘मान’. जत्रेत नारळाचा मान कुणाचा, पालखीचा मान कुणाचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात. आणि चौथा शब्द संस्कृत, ‘पुरस्कार’. पुरस् म्हणजे पुढे. पुरस्कार करणं म्हणजे एखाद्याला पुढे करणं. आपण अजूनही म्हणतो ना, ‘त्यांनी अमुक मताचा पुरस्कार केला’? तोच तो अर्थ.

हा अर्थ मला फार उपयोगी वाटतो. कारण कुणाला तरी पुढे केलं की कुणीतरी आपोआप मागे राहतं. तेवढं लक्षात ठेवून आता इतिहासात शिरू.

दगडावरचा पहिला पुरस्कार

तुम्ही कुठल्याही जुन्या गावात जा. मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळाशेजारी, कधी पारावर, कधी अर्धे मातीत गाडलेले, कोरीव दगड दिसतात. वीरगळ. महाराष्ट्रातले बरेचसे वीरगळ शिलाहार आणि यादवांच्या काळातले, म्हणजे साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकातले आहेत.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला. काही ठिकाणी शेजारी गाई कोरलेल्या असतात. म्हणजे गावाची गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना तो गेला. त्याच्या वरच्या कप्प्यात लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन चालल्या आहेत. सगळ्यात वर तो शिवपिंडीची पूजा करतोय. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत तुझी आठवण राहील, असं ते सांगणं आहे.

मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळांचा एक गट आहे, त्यांवर चक्क आरमारी लढाई कोरली आहे. वल्हवलेली जहाजं, वर चढणारे सैनिक. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातल्या लढाईशी अभ्यासक ती जोडतात. पण राजाच्या लढाईतले वीर वेगळे आणि गावच्या गाईंसाठी मेलेला पोरगा वेगळा. या दुसऱ्याला कुणी नेमलेलं नव्हतं. मला विचाराल तर गावानं आपल्या तरुणाला दिलेला हा आपल्याकडचा सगळ्यात जुना गौरव.

आता गंमत बघा. शेजारच्या कर्नाटकात वीरगळांवर लेख सापडतात. कोण मेला, कुणासाठी, केव्हा. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षर नाही. चंद्र-सूर्य कोरले, पण नाव नाही कोरलं. का? माझं मत असं की गावाला त्याची गरज वाटली नसावी. सगळ्यांना माहीत होतं हा कोण. ओळख दगडावर नव्हती, माणसांच्या तोंडी होती. ती तोंडं गेली आणि दगड मुका झाला.

या दगडांकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझा स्वतःचा एक हिशेब तिथे बाकी आहे.

शालजोडी, नकार आणि पदवी

आता एकदम पेशवाईत येऊ. श्रावणातली दक्षिणा तुम्ही ऐकली असेल. तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची आणि रक्कम लाखांच्या घरात जायची. विद्वत्तेची परीक्षा, तिच्यावरून रक्कम, अशी ती कल्पना. पण परीक्षेला बसायचा अधिकार कुणाला, हे आधीच ठरलेलं होतं.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टननं दक्षिणा एकदम बंद केली नाही, पण तिच्यातला काही पैसा वळवून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे १८४९ च्या सुमाराला पुण्यातल्या काही सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की हा पैसा लोकांच्या भाषेतल्या पुस्तकांसाठी खर्च करा. लोकहितवादी त्यांत पुढे होते, वय सव्वीसच्या आसपास. सनातनी मंडळी खवळली. पण १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसं मिळायला लागली. रमण्यातली दक्षिणा अशी बक्षीस झाली.

आता याच गावात, याच वर्षांत, एक जोडपं काय करत होतं? १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव तेव्हा एकवीस वर्षांचे, सावित्रीबाई सतरा. इथे बसलेल्या पुरस्कारार्थींच्याच वयाचे. घर सोडावं लागलं, लोकांची बोलणी खावी लागली. आणि १६ नोव्हेंबर १८५२ ला त्याच विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. वय पंचवीस.

शालजोडी जोतीरावांच्या खांद्यावर आली. वर्गात रोज उभं राहून शिकवणाऱ्या सावित्रीबाई तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. सत्कार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ते एकटेच येतात. कुणाला पुढे केलं, कोण मागे राहिलं?

गोष्ट इथे संपत नाही. तीनच वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीरावांनी एक नाटक लिहिलं, ‘तृतीय रत्न’. एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहदशेची भीती घालून एक जोशी कसा लुबाडतो, आणि शेवटी ती दोघं शिकायचं कसं ठरवतात, अशी कथा. ते त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीनं स्वीकारलं नाही. कमिटीतल्या भटजी सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनी स्वतः पुढे ‘गुलामगिरी’त लिहून ठेवलंय. ते नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडलं. सव्वाशे वर्षं!

म्हणजे बघा, शाळा काढणाऱ्या जोतीरावांना शाल मिळाली आणि नाटक लिहिणाऱ्या जोतीरावांना नकार. सेवा चालते, कारण सेवेनं देणाऱ्याचं काही बिघडत नाही. प्रश्न विचारणारी कला आली की परीक्षक अस्वस्थ होतात. आज इथे कलेसाठीही पुरस्कार आहे. संयोजकांना माझी विनंती आहे, ‘तृतीय रत्न’ आज तुमच्याकडे आलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, एवढं एकदा आपापसांत बोला.

शाल मिळाली म्हणून जोतीराव गप्प बसले का? नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना, ज्या सरकारनं सत्कार केला त्याच सरकारला त्यांनी सुनावलं, की कर शेतकऱ्याकडून घेता आणि शिक्षण वरच्या वर्गाला देता. आणि मग ११ मे १८८८ ला मुंबईत मांडवीला लोकांनी जमून त्यांना ‘महात्मा’ म्हटलं. ना सरकार, ना कमिटी. लोकांनी दिलेली पदवी. आज त्यांच्या नावामागे काय लागतं? शालजोडी कुणाला आठवत नाही. महात्मा सगळ्यांना आठवतं.

‘स्वयंसेवक’ नावाचा माणूस

विसाव्या शतकात ‘स्वयंसेवक’ हा शब्द रुळला. १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. १९११ मध्ये ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रीचे वर्ग, वाचनालयं. ४ जून १९४१ ला राष्ट्र सेवा दलाची नव्यानं बांधणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख. सेवा दलाची एक गोष्ट आज मुद्दाम सांगायला हवी, ती म्हणजे कलापथक. दिवसा श्रमदान, रात्री गाणी, पोवाडे, लोकनाट्य. वसंत बापट त्यात होते. निळू फुले, दादा कोंडके, नंतर स्मिता पाटील ही मंडळी सेवा दलाच्या मुशीतली. आज आपण पर्यावरण एका खान्यात, कला दुसऱ्या खान्यात घालतो. त्या काळच्या पोरापोरींना हे खाने माहीतच नव्हते. सकाळी कुदळ धरणारा हात रात्री डफावर असायचा.

मग आली राष्ट्रीय सेवा योजना. २४ सप्टेंबर १९६९, गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष. सदतीस विद्यापीठं आणि चाळीस हजार विद्यार्थी, इतकीच सुरुवात. इथे किती जण एनएसएसचे आहेत? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह. योजनेचं ब्रीद तुम्हाला पाठ असेल, ‘मी नाही, तू’ असा त्याचा सरळ अर्थ. आणि १९९३-९४ पासून याच योजनेत उत्कृष्ट स्वयंसेवकाला राष्ट्रीय पुरस्कार द्यायला सुरुवात झाली. म्हणजे ‘मी नाही, तू’ म्हणणाऱ्यांपैकी एकाला मंचावर बोलावून आपण म्हणतो, ‘तूच!’ (हशा)

मी चेष्टा करतोय, पण यात खरोखर एक पेच आहे. काम सगळ्यांचं, नाव एकाचं. यातून वाट काढायचे प्रयत्न आपल्याकडे झालेत. त्यांतले दोन सांगतो.

पहिला नाटकातला. १९६३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेनं आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली. वैयक्तिक बक्षिसं आहेतच. पण करंडक जातो तो महाविद्यालयाच्या नावावर. ज्यानं तालमीत चहा आणला, जिनं रात्रभर जागून सेटला रंग दिला, तोही तिही आयुष्यभर सांगते, ‘आमच्या वर्षी करंडक आमचा होता.’ ‘आमचा’ हा शब्द त्या पद्धतीनं दिला.

दुसरा गावांचा. २०००-०१ मध्ये राज्य सरकारनं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. बक्षीस माणसाला नाही, गावाला. गाडगेबाबांचं नाव त्याला अगदी शोभलं. गावात शिरायचं, खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच लोकांना कीर्तनात विचारायचं की बाबांनो, ही घाण कुणाची? त्यानंतर २०१६ मध्ये पानी फाउंडेशननं वॉटर कप घेतला. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके, ११६ गावं, पंचेचाळीस दिवस, तेही भर उन्हाळ्यात. सातारा जिल्ह्यातलं वेळू पहिलं आलं. शहरातून मुलं गावी जाऊन चर खोदत होती. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना माहीत आहे, भाऊबंदकीत दहा वर्षं न बोललेली माणसं एका चरात उतरली होती.

पण पंचेचाळीस दिवसांत मोजता काय येतं? खोदलेले घनमीटर. पाणी अडलं, विहिरी भरल्या, आता ते पाणी कुणी किती उपसायचं, ऊस लावायचा की नाही, हे पंचेचाळीस दिवसांत मोजता येत नाही. हिवरे बाजारनं फार आधी हे ओळखलं होतं. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि पिकं त्याप्रमाणे ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. खोदण्यापेक्षा हे कठीण, कारण इथे घाम गाळायचा नसतो, हाव आवरायची असते. स्पर्धा घेणाऱ्यांनाही हे उमगलं असावं. चार वर्षांनी वॉटर कप थांबला आणि नंतर आलेली समृद्ध गाव स्पर्धा अठरा महिन्यांची होती. पुरस्काराची मुदत बदलली की कामाची जातच बदलते, हे मला यातून दिसतं.

माझा हिशेब

आता ते दगड.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात होतो. आमचं हिवाळी शिबिर घाटमाथ्यावरच्या एका गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही, कॉलेजचंही नाही. देवळापासून अर्ध्या कोसावर, खिंडीच्या तोंडाशी, सात वीरगळ पडलेले होते. झाडोऱ्यात, दोन अर्धे जमिनीत. आम्ही ठरवलं, यांची हेळसांड थांबवायची. वीस पोरं, पहारी, दोर, एक बैलगाडी. दोन दिवसांत सातही दगड आम्ही देवळापाशी आणले, भिंतीलगत सिमेंटमध्ये ओळीनं उभे केले. घासून धुतले, तारेच्या ब्रशनं. मग कुणीतरी म्हणालं, ऊठून दिसायला पाहिजेत. गावानं वर्गणी काढली आणि आम्ही ऑइलपेंट आणला. घोडे पांढरे, वीर तांबडे, अप्सरा निळ्या. चंद्र-सूर्याला चंदेरी रंग. (हशा)

त्या वर्षी उत्कृष्ट प्रकल्पाचं बक्षीस आम्हाला मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मी मधोमध उभा आहे, हातात ढाल.

पंधरा-सोळा वर्षांनी मी इतिहास शिकवायला लागलो होतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन त्याच गावी गेलो. जरा मिरवायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. रंगावर रंग चढले होते, दर जत्रेला एक हात. एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘सर, खालच्या कप्प्यात गाई आहेत का घोडे?’ मी वाकून पाहिलं. मला सांगता येईना. नक्षी रंगाखाली बुजली होती. काही ठिकाणी आमच्या ब्रशनं ती आधीच गेली असणार. ऑइलपेंटचा थर बसला की दगडातली ओल बाहेर पडत नाही, ती आतून पापुद्रे काढते. एका वीरगळाचा कोपरा तसा सुटून आला होता.

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला, आणि तो जास्त लागला. ‘हे मुळात इथेच होते का?’

नव्हते. खिंडीत होते. आणि खिंडीत होते म्हणजे लढाई खिंडीत झाली असणार, वाट तिथून जात असणार, गावाची जुनी शीव तिथे असणार. लेख नसलेल्या वीरगळाकडे सांगण्यासारखं मुख्यतः एकच असतं, तो कुठे उभा आहे. तेच आम्ही पुसलं. कुठला दगड कुठे होता याची एक रेघही आम्ही वहीत काढली नव्हती.

शिबिराच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन बसायचे. बैलगाडी निघाली तेव्हा ते म्हणाले होते, ‘पोरांनो, ते तिथलेच हायेत, तिथंच राहू द्या. त्यातला एक आमच्या भावकीचा.’ आम्ही हसून पुढे गेलो. त्यांना माहीत होतं त्यातला एक कोण! आठशे वर्षांनी एका दगडाला बोलतं करणारा माणूस आमच्यासमोर बसला होता आणि आम्ही रंग कालवत होतो. मी परत गेलो तेव्हा ते हयात नव्हते. त्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही.

बक्षीस देणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी रंगवलेले दगड पाहिले, उत्साही पोरं पाहिली. पण कुणी एकानंही विचारलं नाही, ‘हे कुणाला विचारून केलंत?’ विचारलं असतं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजनं दुसऱ्या गावात तेच केलं नसतं. केलं, हे मला नंतर कळलं. आमचा फोटो बघूनच केलं.

सड्यावरची माणसं

याच्या उलट उदाहरण सांगतो, म्हणजे तुम्ही अगदीच उदास होणार नाही.

रत्नागिरीच्या सड्यांवर, जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, कोरलेली प्रचंड चित्रं आहेत. कातळशिल्पं. कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी यांनी नोकरी-व्यवसाय सांभाळून, सुट्टीच्या दिवशी सडे पालथे घालून ही चित्रं शोधली. शोधली कशी? गुराख्यांना विचारून, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून. ज्यांना ती आधीपासून माहीत होती त्यांच्याकडे जाऊन बसले. मग मोजमाप, नकाशा, नोंद. २०२२ मध्ये कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं फणसाईमाळ अशी नऊ ठिकाणं मिळून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

त्यांनी आधी विचारलं आणि लिहून ठेवलं. आम्ही आधी उचललं आणि रंगवलं. उत्साह दोन्हीकडे सारखाच होता, शपथेवर सांगतो.

तीन प्रश्न

म्हणून संयोजकांना, आणि मुलांनो तुम्हालाही, तीन प्रश्न देऊन थांबतो. पुढच्या वर्षीच्या अर्जात ते घालता आले तर बघा.

एक, हे काम सुरू करण्यापूर्वी तुम्ही कुणाला विचारलंत? नदी असेल तर काठावर राहणाऱ्यांना, देऊळ असेल तर गावाला आणि पुरातत्त्व खात्याला. संरक्षित वास्तू असेल तर परवानगीशिवाय हात लावणं कायद्यानंही चालत नाही, पण मी कायद्यापलीकडचं विचारतोय.

दोन, एक वर्षानंतर तिथे काय आहे? लावलेल्या रोपांपैकी जगली किती? हा प्रश्न असेल तर रोपं लावतानाचा फोटो कुणी पाठवणारच नाही, पाणी घालतानाचा पाठवतील.

तीन, तुमच्याबरोबर कोण होतं? सगळी नावं लिहा. जागा पुरली नाही तर मागच्या पानावर लिहा. सावित्रीबाई मागच्या पानावर राहिल्या होत्या, निदान त्या पानाचं पुढे कुणीतरी काहीतरी केलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांसाठी पानच नव्हतं.

मुलांनो, आज मंचावर या, शाल घ्या, आनंदात राहा. शाद बाश. खाली उतरल्यावर दरवाजापाशी उभ्या असलेल्यांना आधी भेटा.



श्रोत्यांमधून एक प्रश्न

प्रश्न : सर, ते बक्षीस तुम्ही परत केलंत का?

उत्तर : ढाल कॉलेजच्या कपाटात होती, ती परत करणं माझ्या हातात नव्हतं. फोटो माझ्याकडे आहे. दरवर्षी पहिल्या तासाला तो वर्गात दाखवतो. मुलं आधी विचारतात, ‘सर, तुम्ही इतके बारीक होता?’ (हशा) मग मी त्यांना दगडांचं सांगतो. आणखी एक करतो. त्या गावात दर उन्हाळ्यात जातो, जुन्या माणसांपाशी बसतो. खिंडीत कुठला दगड कुठे होता, ते आठवणारी दोन माणसं अजून आहेत. त्यांच्या सांगण्यावरून एक कच्चा नकाशा काढलाय. सातांपैकी चार जागा नक्की झाल्या. तीन राहिल्यात.

प्रश्न : आणि रंग?

उत्तर : रंग काढायचा तर जाणकार माणसाच्या हातून, हळूहळू. गावाला विचारलं. गाव म्हणालं, राहू द्या, आता आम्हाला ते तसेच आवडतात. या वेळी मी ऐकलं.